निशाणाकडं पाठ

नाथाजी : ...काल लॉरीनं तुझ्या सुनंची खडीची पाटी चेंदली, उद्या तिलाच चेंदंल. मुकादम म्हणून साहेबाला मी काय सांगू, धुळादादा?

धुळा : मी लाल निशाण हलवतच हुतो की! लष्कराची लॉरी थांबलीच न्हाई.

नाथाजी : कायदा हाय. निशाण दिसलं की डायवरनं गाडी हळू करायची, आन् खडी फोडणाऱ्यांनी उठून कडंला व्हायचं. बाकी समद्या उठल्या. तुझी सून तेवढी बसून!

धुळा : तिला दिसणार कसं? निशाण सासऱ्याच्या हातात. सासऱ्याकडं तोंड करून बसायची आमच्यात रीत न्हाई. पाठ करून, पदर ओढून बसती.

नाथाजी : मग हाळी द्यायची.

धुळा : एवढ्या हातोड्यांच्या ठोक्यात?

नाथाजी : रंगुबाई, ऐकलंस? आजपास्नं निशाणाकडं तोंड करून बसायचं.

रंगुबाई : मुकादम, त्यास्नी सांगा, मला जमायचं न्हाई. गावाकडं कळलं तर माणसं नावं ठेवतील.

धुळा : तिला सांगा, आपला माणदेश लांब ऱ्हायला. हितं मलकापुरात आपल्याला कोण वळखतंय?

रंगुबाई : मग निशाण दुसऱ्याकडं द्या म्हणावं.

नाथाजी : कुणाकडं देऊ? तरणे समदे लढाईवर, न्हाईतर मुंबईला. दुसरा म्हातारा उभा केला, तर त्याची सून पाठ करंल!

धुळा : मुकादम, जरा गप बसा. पोरी, आता तुलाच बोलतो. माझा अर्जुना लढाईवर गेला, त्याची आई देवाघरी गेली. तवापास्नं माझ्याशी कुणी तोंड वर करून बोललं न्हाई. दिसभर तिकडं लांब एकटा, खोपटात आलो तरी एकटाच. तू चुलीकडं तोंड करतीस, मी दाराकडं. ते सोशीन मी. पर काल ती लॉरी तुझ्या पाठीवर येताना मी बघितली. लय भ्यालो, पोरी. तुझ्याबिगर हाय कोण मला?

नाथाजी : ...चला, कामाला लागा. धुळादादा, निशाण घे. आवाज येतोय बघ.

(खडीच्या ढिगापासून लांब, रस्त्याच्या वळणावर धुळा निशाण उंच धरतो.)

धुळा : लॉरी! लॉरी आली! उठा!

रंगुबाई : दिसलं, मामंजी! उठले मी! आवं, तुमीबी रस्त्यातनं सरका की! मामंजी!

धुळा : सरकलो गं, सरकलो! ...गेली लॉरी. पोरी, पुन्यांदा हाक मार की.