बाई ‘वाढव’ म्हणाल्या

जबाब, दिनांक १३/१२/२००४

नाव सुनील सावळीराम गांगुर्डे, वय ४१ वर्षे, धंदा वायरमन (परवानाधारक), शिक्षण आय.टी.आय., रा. बुद्धविहाराच्या मागे, सातपूर, नाशिक.

मी वर नमूद इसम आज सकाळी साडेदहा वाजता कोणीही न बोलावता पोलीस ठाण्यात आलो असून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी ललिता व दोन मुलींसह राहतो. सातपूरच्या कारखान्यांत वायरिंगची कामे करून मला एकोणीस वर्षे झाली. माझ्या हातच्या कामात आजवर कुणाला साधा झटका बसलेला नाही. हे वाक्य हवालदारसाहेब लिहीत नव्हते, मी लिहायला लावले आहे.

दिनांक १० ते १२ डिसेंबर असे तीन दिवस गंगापूर रोडकडील मैदानात कलामेळा होता. त्यात पुण्याच्या रोहिणी कारखानीस यांचे ‘उजेड ऐकतो’ नावाचे काम होते. वायरिंग माझे होते. मॅडम मला सुनीलदादा म्हणत, जमिनीवर बसून माझ्याबरोबर डबा खात. माणूस म्हणून मी त्यांना नावे ठेवत नाही.

काम असे होते. काळ्या कापडाची एक खोली. मधे पाटावर भागीबाई बहिरू भोये, वय अंदाजे ६५, रा. पेठ तालुका, या बसून भातलावणीच्या, जंगलाच्या गोष्टी आपल्या बोलीत सांगत. त्यांच्याभोवती गोल लोखंडी कड्यावर पाचशे वॅटचे बारा हॅलोजन. समोर माईक. माईक कॉम्प्युटरला जोडलेला. कॉम्प्युटरला मॅडमनी अकरा शब्द शिकवले होते. शब्द ऐकला की दिवे त्याप्रमाणे वागत, आणि ऐकलेला शब्द दारावरच्या लाल अक्षरांच्या पाटीवर उमटे, बस स्टँडवर असते तशी पाटी. लोक बाहेर उभे राहून कापडाला पाडलेल्या झरोक्यांतून बघत. आत बाई एकट्या.

‘कमी’ म्हटले की उजेड एक पायरी उतरे. ‘वाढव’ म्हटले की एक पायरी चढे. एकूण पायऱ्या दहा.

बुधवारी दिनांक ८ रोजी दुपारी मॅडम बाईंच्या आवाजात शब्द भरून घेत होत्या. त्या म्हणाल्या, “आजी, म्हणा, वाढव.” बाई दिव्यांकडे बघून म्हणाल्या, “आताच? आता तर लावलाय.” मॅडम हसल्या. बाईपण हसल्या आणि म्हणाल्या, “वाढव.” मशीनने शब्द घेतला.

मला त्याच वेळी कळले होते. आमच्या आईने जन्मात कधी ‘दिवा विझव’ म्हटले नाही. दिवा वाढव म्हणायची. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बाईंच्या तोंडी ‘वाढव’ म्हणजे बंद कर. मॅडमच्या कॉम्प्युटरमध्ये ‘वाढव’ म्हणजे अजून दे.

मी शिडीवर होतो. माझ्या तोंडात स्क्रू होते. म्हटले खाली उतरलो की सांगू, गंमत होईल. खाली उतरलो तर चहा आला. मी सांगितले नाही.

हवालदारसाहेबांनी विचारले की स्क्रू तोंडातून काढता आले नसते काय. आले असते.

गुरुवारी दिनांक ९ रोजी चाचणी घेतली. पूर्ण उजेडाला वीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायचा. सारखा पडायचा. मेळ्याचे व्यवस्थापक धोंडीराम शेवाळे म्हणाले, “उद्या उद्घाटन आहे, पाहुण्यांसमोर अंधार झाला तर तुझी काय पूजा करू का?” मी बत्तीसचा टाकला. वायर चार चौरस मिलिमीटरची होती, तिला बत्तीस झेपतो. काम नियमात होते. पण वीसचा राहिला असता तर शनिवारी वरच्या पायऱ्यांवर तो पडला असता, आणि मी आज इथे बसलो नसतो. हेही लिहावे.

शुक्रवारी काही झाले नाही. का झाले नाही ते सांगतो. गोष्ट संपली की बाई “वाढव” म्हणत. उजेड चढे, लोक टाळ्या वाजवत, आणि मॅडम बटण दाबून दिवे बंद करत. बाईंना वाटे आपला शब्द लागू पडतो, जरा उशिराने पडतो एवढेच. त्या मला म्हणाल्यादेखील, “दादा, तुझा दिवा लय आळशी हाय. दोनदा सांगावं लागतं त्याला.” मी हसलो. तेव्हा तर माझ्या तोंडात काहीच नव्हते.

शनिवारी दिनांक ११ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास मोठी गर्दी होती. बाई दुपारी चारपासून आत होत्या. अंगावर नेहमीचे जाड सुती लुगडे नव्हते, उजेडात खुलून दिसते म्हणून मेळ्याकडून दिलेली पांढरी नायलॉनची साडी होती. मी दोन स्टॉल सोडून एका ट्यूबचा चोक बदलत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून वर पाहिले. पाटीवर ‘वाढव’ आले. पुन्हा टाळ्या. पुन्हा ‘वाढव’. कापडाच्या शिवणीतून उजेड बाहेर येऊ लागला होता.

त्या शब्दामागून बाईंचा आवाज येत होता. “डोळं जळत्यात रं बाबा, वाढव. वाढव की.” मशीन त्यातला आपला एकच शब्द उचलत होते.

मेन स्विच खोलीच्या मागे तीस पावलांवर होता. मॅडम पुढे, पाहुण्यांशी बोलत उभ्या होत्या. मी मॅडमकडे पळालो. ओरडलो, “मॅडम, बंद करा! बाई बंद करा म्हणतायत!” मॅडम म्हणाल्या, “नाही हो सुनीलदादा, वाढव म्हणतायत. वर बघा ना.” त्यांनी पाटीकडे बोट केले. पाटीवर तेच होते. मी म्हणालो, “अहो, वाढव म्हणजेच बंद!” आजूबाजूचे लोक हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

मी आधी मेनकडे पळायला हवे होते. मी अर्थ सांगत बसलो. त्यात अर्धे मिनिट तरी गेले.

मी गर्दीतून मागे पोहोचेपर्यंत बाई उठल्या असाव्यात. एवढ्या उजेडात त्यांना वाट दिसली नसणार. चाचपडताना पदर हॅलोजनला लागला. मी मेन पाडला तेव्हा सगळा अंधार झाला, आणि त्या अंधारात फक्त त्यांचा पदर पेटलेला दिसत होता. मी व मॅडमनी काळे कापड ओढून त्यांना गुंडाळले. मॅडमचे दोन्ही हात भाजले आहेत. टाळ्या तोपर्यंत थांबल्या होत्या. गर्दीतली एक बाई मात्र विचारत होती, पुढचा खेळ किती वाजता आहे.

काल रविवारी सकाळी धोंडीराम शेवाळे माझ्या घरी आले. त्यांच्या हातात कॉम्प्युटरने काढलेला कागद होता. त्यावर सात वाजून नऊ मिनिटांपासून अकरा मिनिटांपर्यंत ‘वाढव’ हा शब्द सतरा वेळा आहे. ते म्हणाले, “तुला खोटं बोलायचंच नाही. बाई वाढव म्हणाल्या, एवढंच सांग. त्यांनी स्वतः उजेड मागितला. मॅडम सुटल्या, मेळा सुटला.” मग चहा संपवून म्हणाले, “आणि तुझा तो बत्तीसचा एमसीबी अजून कोणी बघितलेला नाही. तूही सुटलास.” माझी धाकटी दारात उभी होती, तिच्या डोक्यावर हात फिरवून ते गेले. मी दुपारी बाहेर पडेपर्यंत ललिताने दाराची कडी काढली नाही.

ललिता म्हणाली, “तुम्ही गप्प बसा, दोन पोरी आहेत आपल्याला.” मी तिला म्हणालो, गप्प बसूनच तर हे झाले.

काल दुपारी चार वाजता मी दवाखान्यात गेलो. बाईंच्या डोळ्यांवर पट्टी आहे, छाती व गळा भाजला आहे. डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत. मुलगी सुलाबाई उशाशी होती. तिने मला विचारले, “आई रातभर एकच इचारती. मी वराडत व्हते, तर लोकं टाळ्या का वाजवत व्हते?” मी तिला डॉक्टर कधी येतात ते विचारले. माझा आवाज ऐकून बाई म्हणाल्या, “वायरमन दादा का रं? दिवा वाढवला नाय का अजून? पापणीत शिरतोय.” मी म्हणालो, “वाढवला, मावशी. कवाच वाढवला.” त्या निजल्या. आज सकाळपासून त्या बोललेल्या नाहीत असे सुलाबाईने फोनवर कळविले. म्हणून मी इकडे आलो. त्या कागदाचा अर्थ सांगणारे आता माझ्याशिवाय कोणी नाही.

बत्तीसचा एमसीबी मी बदलला. बुधवारी कळूनही मी बोललो नाही. याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. वाचताना ते ‘वाढव’ या शब्दाशी थांबले व म्हणाले की कोर्टात घोटाळा नको, सगळीकडे ‘विझव’ असे दुरुस्त करू. मी नको म्हणालो. भागीबाईंनी ‘विझव’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. दिव्याला तसे बोलू नये असे त्यांच्या आईने त्यांना शिकवले असणार, आणि पदर पेटेपर्यंत सतरा वेळा सांगतानाही त्यांनी ते मोडले नाही. त्यांचा शब्द आहे तसाच ठेवला आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, ते खरे आहे, म्हणून सही करतो.

समक्ष (सही)
सुनील सावळीराम गांगुर्डे