आधी कुलूप काढा, मग सुई टोचा

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, पार डोंगराकडचं. आमची भाताची खाचरं धरणात गेली तवा मी एवढीशी व्हते. बाप मोर्च्याला जायचा नि मी त्याच्या खांद्यावर, घोषणा काय असती ते कळत नव्हतं पण वरडायला लई मजा वाटायची. मग लगीन होऊन इकडं जुन्नरच्या डोंगरात आले, इथंबी तेच, भात, नाचणी, वरई, आन उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. मालक लवकर गेले. मग शाळेत पोषण आहाराचं काम लागलं, खिचडी शिजवायची, ती अजून शिजवते. वाडीतली पोरं माझ्याच हातचं खाऊन मोठी झाली, कुणी पोलीस झालं, कुणी चाकणला कंपनीत लागलं, आन भेटली की म्हणतात मावशी, तुमच्या खिचडीत मीठ कमी असायचं. मी म्हणते, मीठ कमी व्हतं म्हणून एवढा वाढलास व्हय रे.

संतोष माझा एकुलता एक. ओतूरला होस्टेलात राहून शिकला, आन परत आला तो कायदे पाठ करूनच आला. आमच्या वाडीला रस्ता नव्हता, तर यानं मतदानावर बहिष्कार टाकायला लावला. एक माणूस बूथवर गेलं न्हाई. साहेब लोक गाड्या घेऊन पायथ्याला आले, हात जोडले, आन पुढच्या उन्हाळ्यात वाडीखालपर्यंत रस्ता झाला, डांबरी, काय सांगू तुमाला. तवापासून आमच्या वाडीला बहिष्काराची गोडीच लागली. पाणी न्हाई, बहिष्कार. मास्तर न्हाई, बहिष्कार. आन मिळायचंबी, हे लक्षात घ्या भाऊ, खरंच मिळायचं.

मग तो दवाखाना. रस्ता संपतो तिथं सरकारनं बांधला, रंग दिला, बोर्ड लावला, आन कुलूप ठोकलं. सिस्टर काय आली न्हाई. व्हरांड्यात लोकांच्या शेळ्या बसायला लागल्या. संतोषनं माहितीचा अधिकार टाकला, तर उत्तर आलं की दवाखाना चालू हाये. आमी सगळे हसलो, म्हणलं शेळ्यांसाठी चालू हाये. पण संतोष हसला न्हाई. म्हणाला, आई, हा आपल्या नावावर केलेला खर्च हाये, याचा हिशोब घेतल्याबिगर मी गप बसणार न्हाई. मला लई अभिमान वाटला तवा, आजबी ते बोलणं मला खोटं वाटत न्हाई.

त्या साली खालच्या गावात गोवर आला. शाळेच्या गुरुजींनी देवळात मीटिंग घेतली, म्हणाले पोरांची टोचल्याची कार्डं दाखवा, ज्यांना टोचलं न्हाई त्यांच्यासाठी शाळेत जीप येणार हाये, आन जे टोचून घेणार न्हाईत त्यांना साथ संपेपर्यंत वर्गात बसवता येणार न्हाई. झालं, कालवा सुरू. एक म्हातारा म्हणाला आमच्या टायमाला कुठं व्हत्या सुया, तर गुरुजी म्हणाले बाबा, तुमची भावंडं किती जगली ते सांगा. म्हातारा खाली बघायला लागला. संतोष मग उठला. तो सुईच्या विरोधात नव्हता बरं का, लोक आता कायबी बोलतात. तो म्हणाला, मागं टोचल्यावर एक लेकरू तापानं फणफणलं तवा त्याच्या आईला ते पाठीशी बांधून डोंगर उतरावा लागला, दवाखाना व्हता पण कुलूप व्हतं. तुमी आमाला कार्ड मागता, आमी तुमाला दवाखाना मागतो. आधी कुलूप काढा, मग सुई टोचा. देऊळ टाळ्यांनी भरलं. शाळेवर बहिष्कार, सुईवर बहिष्कार, आन जुन्नरला धरणं, तिथंच ठरलं.

आमची सून मनीषा बायकांत बसली व्हती. ती कधी चारचौघांत तोंड उघडत न्हाई. ती उभी राहिली नि म्हणाली, आपल्या स्वराला तेवढी टोचून घेऊ, मग तुमी खुशाल बसा धरण्याला. स्वरा माझी नात, त्याच साली पहिलीत घातलेली. संतोष म्हणाला, म्होरक्यानंच आपली पोरगी टोचून घेतली तर बाकीचे माझ्यामागं कशाला उभे राहतील? मनीषा खाली बसली.

जीप आली त्या दिवशी तिच्यातनं आलेली सिस्टर लसीचा निळा डबा घेऊन शाळेच्या ओट्यावर बसून राहिली. एक लेकरू आलं न्हाई. जीप गेली तशी आमी जुन्नरला तालुक्याच्या हापिसासमोर मांडव घालून बसलो, घराघरातून भाकऱ्या यायच्या, पेपरवाले फोटो काढायचे. स्वरा माझ्या मांडीवर बसून वरडायची, आधी कुलूप काढा. लोक म्हणायचे बापावर गेलीय. ती आणखी वरडायची.

मग पोरीला ताप आला, मांडवातल्या उन्हाचा असंल म्हणून मी नि मनीषा तिला घेऊन वाडीवर आलो. डोळे लाल, कानामागं पुरळ. आमच्यात गोवर आला की देवी आली म्हणतात, दाराला लिंबाचा पाला, घरात फोडणी द्यायची न्हाई. ते सगळं केलं. पण पोरगी धापा टाकायला लागली, तशी मनीषा टेकडीवर पळाली, तिथंच रेंज येती, आन संतोषला फोन लावला. आमी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणली नि गाडीची वाट बघत बसलो. कुठं बसलो म्हणता? त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात, शेळ्या बाजूला सारून. पाठीमागं ते कुलूप. संतोष गाडी घेऊन आला, खाली उतरला, आधी कुलपाकडं बघितलं नि मग पोरीकडं. मी पोटचा पोर असा तुटलेला कधी बघितला नव्हता, भाऊ.

जुन्नरच्या डॉक्टरनं लई धडपड केली. म्हणाले न्यूमोनिया झालाय, पुण्याला हलवा. हलवायच्या आतच गेली. डॉक्टरनं विचारलं गोवराची लस दिली व्हती का. मनीषानं संतोषकडं बघितलं. तो म्हणाला, न्हाई. मी दिऊ दिली न्हाई.

मग काय, सगळे साहेब धावले. कुलूप निघालं, सिस्टर आली, फ्रीज आला, लाईट आली. लोक म्हणाले आंदोलन यशस्वी झालं. उद्घाटनाला संतोषचा सत्कार करायचा म्हणून शाल नारळ घेऊन घरी आले, शरम न्हाई वाटली. मी दारातूनच परत धाडले.

मनीषा माहेरी गेली, घोडेगावच्या पलीकडं. मी तिला आणायला गेले व्हते. तिनं चहा केला, पाया पडली, भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आई, त्यांनी मुद्दाम केलं न्हाई हे मला कळतं. पण मी त्यांच्यासमोर बसून जेवू शकत न्हाई. मी उठले नि एसटीत बसून रडत आले. तिचंबी चुकत न्हाई नि माझ्या लेकाला मी टाकू शकत न्हाई, अशी गत हाये.

हिशोब मागणं चुकीचं नव्हतं, मी आजबी म्हणते. संतोष अजून मागतो. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा खर्च विचारतो, एकटा उभा राहतो. पण कुणी बहिष्कार म्हणलं की उठून बाहेर जातो. आन दर महिन्याला टोचायच्या दिवशी घरोघर फिरतो. आता मोबाईलवर कायबाय बघून लोक सांगतात सुईनं पोरं आजारी पडतात, शाळेनं सक्ती का करावी, आमचं लेकरू आमची मर्जी. एवढा बोलणारा माझा लेक, पण तो भांडत न्हाई, भाषण देत न्हाई. दारात उभा राहतो नि म्हणतो, मी स्वराचा बाप. बास. बाई आतून लेकरू घेऊन चपला घालती.

मग दवाखान्यात सिस्टर टोचती तवा तोच लेकराचे पाय धरतो. लेकरू कळवळून रडतं, आया म्हणतात गप गप. संतोष म्हणतो, रडू दे, रडतंय ते मला ऐकू दे. मी तिथं थांबत न्हाई, मला ते बघवत न्हाई. लांबनंच हात जोडते, म्हणते देवा, या समद्या लेकरांना उदंड आयुष्य दे, माझं उरलंय तेबी त्यांनाच दे. मला आता काय करायचंय त्याचं.