शेपटीवाल्यांचा ग्रह

प्राचार्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. शिपाईकाका नेहमीसारखे दाराशी उभे होते. कानाला काही झाकण नसतं, म्हणून आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं.

“मॅडम, समाजशास्त्राच्या तासाला विज्ञानकथा?”

“पहिल्या वर्षाची मुलं आहेत सर. व्याख्या नुसत्या पाठ करतात, गोष्ट मात्र डोक्यात शिरते. एका ग्रहावर शेपटीवाले बसतात आणि बिनशेपटीचे उभे राहतात. असं का, ते मुलांनी शोधायचं.”

“शोधलं ना! संस्थेच्या अध्यक्षांना जाऊन विचारलं, साहेब, तुमची शेपटी कुठे आहे?”

“वर्ग हुशार आहे.”

“नेमणूक टिकवायची असेल तर गोष्ट बदला.”

“काय बदलू?”

“ग्रह जरा लांबचा घ्या. आणि शेपटी मेहनतीने उगवते, असं घाला. आपल्याकडे असलं काही आहे का? अरे, जरा आत ये. पंचवीस वर्षं आहेस इथे. बसू नको म्हणालं कधी कोणी?”

“नाही साहेब,” काका म्हणाले. “बस, असंही कोणी म्हणालं नाही.”

“मॅडम, याला तुम्ही पढवलंत?”

“नाही सर. माझ्या तासाला काका रोज वर्गाच्या दाराबाहेर उभे असतात.”

“मग उद्यापासून दार लावून शिकवा.”