वाक्यात उपयोग

चिंगी : ...मग काय रडत बसू? क्लासचं पुस्तक छापून आलं, वर दादाचा फोटो, हाताची घडी घालून. आतला एकेक इंग्रजी शब्द मी निवडलाय, तो कुठून आला ते मी खणून काढलंय, वाक्यं माझी. आणि माझं नाव? कुठ्ठेच नाही.

लंबू : त्याला विचारलं नाहीस?

चिंगी : विचारलं ना. म्हणे, "घरातलंच तर आहे, तुझं काय नि माझं काय." क्लास त्याचा, टाळ्या त्याला, मी आपली आतल्या खोलीत धडे लिहायला.

लंबू : म्हणून आज काशी केलीस त्याची.

चिंगी : ऐक तर. तो रोज माझा धडा उचलतो नि थेट वर्गात वाचतो. आधी नजरसुद्धा टाकत नाही. तो ओळ म्हणतो, पोरं त्याच्यामागून म्हणतात. आजचा शब्द दिला प्लेजिअरिझम.

लंबू : म्हणजे?

चिंगी : दुसऱ्याचं लिखाण चोरून आपलं म्हणून खपवायचं. पण मूळ ऐक, मूळ भारी आहे. लॅटिनमध्ये माणसं पळवणाऱ्याला प्लेजिअरिअस म्हणायचे. एका रोमन कवीने आपल्या कविता चोरणाऱ्याला तीच शिवी हासडली. कविता नाही, माझी माणसंच पळवलीस, असं.

लंबू : आणि दादाने हे वाचलं?

चिंगी : खणखणीत. आज पालकांना बोलावलेलं, बाबा पहिल्या रांगेत. अर्थ झाला, मूळ झालं, मग वाक्यात उपयोग. "माय बुक इज प्लेजिअरिझम. माय सिस्टर रोट इट."

लंबू : अगं बाई. म्हणाला?

चिंगी : म्हणून गेला, मग कळलं. पांढराफटक. पण पोरं कशाला थांबतायत? अख्खा वर्ग एका सुरात, माय सिस्टर रोट इट. त्याने हात वर केला, गप्प बसा म्हणून, तर त्यांना वाटलं परत म्हणायचंय. परत म्हणाले, अजून जोरात.

लंबू : बाबा?

चिंगी : घरी आले, चपला काढल्या. मग दादाला एवढंच, "पुढच्या छपाईत हिचं नाव घाल."

लंबू : आता कुठाय तो?

चिंगी : दार लावून बसलाय. जेवलासुद्धा नाही.

लंबू : जरा तरी वाईट वाटलं का गं तुला?

चिंगी : मी दोनदा वाढून घेतलं.