बायापॉलिटिक्स

बायोपॉलिटिक्स म्हणजे काय, ते कोण्या पुस्तकात पाहू नका, मले इचारा.

कापूस मातीमोल झालता त्या सालांत राळेगावकडे रोज कोणी ना कोणी अभ्यास करायले येऊन राह्यलं होतं. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून त्यायले गावं दाखवायचं काम माह्याकडे. एकदा पुण्याचे दोन प्राध्यापक आले. विषय बायोपॉलिटिक्स. म्या आमच्या सरपंचबाईले फोन लावला, तर नेहमीसारखा तिच्या नवऱ्यानं उचलला. गावाचा सारा कारभार तोच पाहे.

आम्ही पोहोचलो तर समाजमंदिर बायायनं गच्च भरलेलं. नवऱ्यानं फोनवर 'बायापॉलिटिक्स' ऐकलं होतं!

सरांचं तिकडे ध्यानच नाही. एक म्हणाले, "बायोपॉलिटिक्स म्हणजे माणसाच्या शरीरावर, जगण्या-मरण्यावर सरकारनं चालवलेली सत्ता." दुसरे म्हणाले, "साफ चूक! बियाण्यातल्या जिवाचं राजकारण." अन् तिथंच जुंपली.

तेवढ्यात नवरा खुर्ची ओढून मधात बसला. "मी सांगतो ना सर, गावाचं काय ते."

सरपंचबाई आजवर मीटिंगीत तोंड उघडत नव्हत्या. त्यायनं पदर खोचला. "तुमी काहून बसले? बायापॉलिटिक्स हाय, असा निरोप तुमीच देल्ला ना? मंग चहाचं पाहा."

बाया अशा हासल्या का गडी उठलाच.

सरांचा वाद अजून मिटला नाही म्हणतात. आमच्या गावात मिटला. आता ग्रामसभा असली का सरपंचबाईचा नवरा आपणच इचारते, "आज बायापॉलिटिक्स हाय का? मंग किती कप ठेवू?"