गुड्डीचे बाबा बुडत नाहीत

…बुडा म्हणे! आता तुम्हीच सांगा जी, ज्या माणसाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, देवळासकट, चिंचेसकट, त्याले म्हणायचं, बुडा? आमच्या गुड्डीच्या बाबाले? अन् तेही सुरात!

झालं असं का भंडाऱ्याच्या मेघा मॅडम, चर्चमध्ये गाणं शिकवतात, त्याइनं एक मोठं समूहगान रचलं, बायबलातल्या नोहाचं… देवानं पूर आणला, नोहानं तारू बांधलं, त्याच्या घरचे आत बसले अन् बाकीचे सारे पाण्यात! आता चर्चमधले आवाज कसे, गोड, बारीक, अन् बुडणाऱ्याइले पाहिजेत दणदणीत गळे. कोणीतरी सांगितलं, पुनर्वसनातल्या लोकाइचं खंजिरीभजन होतं. होतं! गाव गेल्यापासून यांनी खंजिरी खुंटीवरून काढली नव्हती. मी म्हटलं का म्हणत, "कोणापुढं गाऊ, मंदे?" अन् मॅडम काय आल्या, गा म्हणाल्या, अन् हे गायले! मी इकडे आनंदाच्या भरात चहात मीठ टाकून बसली!

पण तालीम? अरे बाप्पा! सारं मंडळ "दार उघडा, पाणी आलं" म्हणत उठे, अन् मॅडम हात खाली करून, बारीक आवाजात, "नत्थूजी, इथं तुम्ही बुडालात हं. आता एकदम शांत." शांत? भजनात कडवं झालं का धृपदावर यायचं, धृपद न घेता खंजिरी खाली ठेवली तर पाप लागते आमच्यात! मॅडमचा हात खाली, का यांचं धृपद वर! "अहो नत्थूजी, मेलात ना तुम्ही!" "हो जी मॅडम, मेलो. धृपद घेतो अन् मरतो."

बुडा म्हणे! कसे बुडतील?

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. तारवाचं पुठ्ठ्याचं दार लागलं, आतले गाऊन राहिले, मॅडमचा हात खाली आला… अन् हे गप्प! म्हटलं, बुडाला माझा माणूस, आता घरी आला का खंजिरी पुन्हा खुंटीवर. अन् मागून हळूच, "दार उघडा…" यांचा आवाज! त्याच्यामागे सारं मंडळ, ज्याइच्या चुली पाण्याखाली आहेत ते सारे, अन् असे उठले का तारवातल्याइचं गाणंच थांबलं! अन् नोहा झालेल्या त्या पोरानं, शास्त्रात नाही जी, पण त्यानं दार उघडलं! फादर उभे राहून डोळे पुसून राहिले. मी बाजूच्या बाईले कोपर मारून म्हटलं, "तो बुडत नाही ना, तो माझा नवरा!"

मॅडमनं शेवटी हात जोडले. "नत्थूजी, तुमच्यानं बुडणं होत नाही. येत्या रविवारी वरठीच्या कार्यक्रमात तारवातच बसा." मी साऱ्या वस्तीत सांगून आली! पण तारवातली माणसाइची जागा चर्चच्या लोकाइनं भरलेली, रिकामी फक्त जनावराइची. हे घरी आले, मी विचारलं, काय झालात? म्हणाले, "बैल." बरं, बैल तर बैल! गाऊन तर राहिले! पण जनावरं जोडीनंच आत घ्यायची, असा शास्त्राचा नेम आहे म्हणतात…

मग काय करता जी. रविवारी मी गाय आहे.