बाथरूमच्या दाराची जाळी

माझे नाव बाराबाश एतेल्का, वय ६८ वर्षे, मुरंब्याच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार मिश्कोल्त, तिसरा मजला, लेकीकडे. आज आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

वरील घरात मी, मुलगी रेका व जावई लेहेल असे तिघे राहतो. बाथरूमला खिडकी नाही. आत गॅसचा गीझर असून त्याचा धूर धुराड्याने वर जातो. छताला काळी बुरशी धरली होती. ती मी दर शनिवारी व्हिनेगरने पुसत असे. जावयास ते पसंत नव्हते. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणजे घरातले बाकी सगळे बिघडवतो. त्याने जुन्या कॉम्प्युटरचा पंखा व हवेतला ओलावा ओळखणारा नखाएवढा तुकडा आइस्क्रीमच्या डब्यात बसवून डबा भिंतीत ठोकला. ओलावा सत्तर टक्क्यांवर गेला की पंखा आपोआप फिरे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वाफ झालेली कळायला मला डोळे आहेत, असे मी त्यास सांगितले होते.

ऑक्टोबरात तपासणीस आलेल्या धुराडेवाल्याने बजावले, की गीझरच्या खोलीत पंखा नको, तो धूर उलटा आत ओढतो. दुसऱ्याने पंखा काढला असता. जावयाने दाराला खाली वीतभर भोक पाडले. आता बाहेरची हवा आत येईल म्हणाला, जाळी बसवली व वर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'. त्यातून गार वारा येई. ओल्या अंगाला वारा लागला की मूत्रपिंडांत गारठा धरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. जावयास सांगितले तर तो हसला.

दि. १४ जानेवारी रोजी सायंकाळी पाच वाजता रेका अंघोळीस गेली. तिला खोकला होता. पंखा फिरू लागल्याचे मी ऐकले. वीस मिनिटांनी हाक मारली, उत्तर आले नाही. दार उघडले. ती टबात बेशुद्ध होती, तोंड पाण्याबाहेर होते. मी एकटीने तिला ओढत जिन्यापर्यंत आणले. काल ती इस्पितळात शुद्धीवर आली व तिने लेहेलला बोलवा म्हटले. मी शेजारीच बसले होते.

मी जावयाविरुद्ध तक्रार द्यायला आले. तेव्हा साहेबांकडून समजले की जावई सकाळीच येऊन गेला, व जाळीत सापडलेला टॉवेल आपणच कोंबला असे त्याने लिहून दिले. मी म्हटले, असे तो सांगणार नाही.

"सही करून गेलाय, मावशी," साहेब म्हणाले.

त्या दिवशी जावई दुपारी दीडलाच कामावर गेला होता. टॉवेल तेव्हा दोरीवर ओला होता. त्याला खोटेसुद्धा धड रचता येत नाही. टॉवेल मी कोंबला. रेका आत गेल्यावर, बाहेरून. चिठ्ठी मी वाचलेली होती.

तक्रार कोणाविरुद्ध, त्या ओळीत माझे नाव लिहावे. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो आहे, त्यातले काही खोडायचे नाही.